डीव्हीडी लागत नाही? आधी मागचा आकडा बघा



आज आम्ही जरा जुन्या झालेल्या वस्तूविषयी बोलणार आहोत. सीडी आणि डीव्हीडी. तुम्ही म्हणाल, आता सगळं मोबाइलवर आलं, सीडी कोण बघतं? खरं आहे. पण चिंचपाड्यात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर गटांच्या बैठकी घेताना हा विषय आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. कुणाच्या पेटीत लग्नाची डीव्हीडी आहे, कुणाकडे आजेसासूंच्या गाण्यांची. कुणाचा भाऊ बाहेरदेशातून प्लेअर घेऊन आला. लावायला गेलं की लागत नाही. मग ती दुकानात न्यायची, दुकानदार काहीतरी सांगतो, आपण मान हलवतो, पैसे देतो. नाहीतर ‘खराब झाली’ म्हणून तीच डिस्क पाखरं हाकायला शेतात टांगतो. उन्हात चमकते, पाखरं उडतात, ते ठीक. पण तिच्यात कुणाची तरी हळद असते, कुणाचा तरी आवाज असतो.

डिस्क न लागण्याची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक कारण आहे ‘रिजन कोड’, म्हणजे विभागाचा आकडा. याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ज्यांना तो माहीत नाही त्या चांगली डिस्क टाकून देतात, आणि ज्यांना तो अर्धवट माहीत आहे ते कोड ‘तोडून’ द्यायचे पैसे मागतात. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट. आपण चमकणाऱ्या सगळ्या चकत्यांना सीडीच म्हणतो. दिसायला सारख्या असल्या तरी त्या वेगवेगळ्या आहेत. खांडबारा, विसरवाडीकडच्या आठवडे बाजारात आपण अहिराणी गाण्यांच्या, आदिवासी गाण्यांच्या, देवाच्या ज्या चकत्या घ्यायचो, त्यात कितीतरी व्हीसीडी होत्या. व्हीसीडीत तासा-सव्वातासाचंच चित्र मावतं, म्हणून एका पिक्चरच्या दोन-तीन चकत्या यायच्या. या व्हीसीडीला रिजन कोड नसतोच. म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणींनी हा शब्द कधी ऐकला नाही. डीव्हीडी नंतर आली, तिच्यात अख्खा पिक्चर एका चकतीत बसतो, आणि कोडाची भानगड तिच्यापासून सुरू झाली. जुन्या नुसत्या व्हीसीडी प्लेअरमध्ये डीव्हीडी घातली तर ती लागणार नाही, कारण त्या प्लेअरचा किरण डीव्हीडीची बारीक अक्षरं वाचू शकत नाही. डीव्हीडी प्लेअरमध्ये मात्र बहुधा दोन्ही चालतात.

आता कोड म्हणजे काय? आपल्या नवापूरच्या स्टेशनाची आठवण करा. फलाटावरून चालता चालता महाराष्ट्र संपतो आणि गुजरात लागतो. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातमध्ये, आणि गाडीची घोषणा चार भाषांत. तिथल्या एका बाकावर दोघी बसल्या तर एक या राज्यात आणि एक त्या राज्यात. आता दारूची बाटली घ्या. (आमच्या तोंडी हे उदाहरण बरं दिसत नाही, पण समजायला सोपं आहे.) इकडे परवान्याच्या दुकानात ती उघड विकतात, तीच बाटली चार पावलं पलीकडे नेली की गुन्हा, कारण गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बाटली बदलली का? नाही. मधली रेघ बदलली. रिजन कोडही असाच आहे. डिस्कमध्ये काही बिघाड नसतो, प्लेअरमध्येही नसतो. पण कंपन्यांनी जगावर रेघा मारून ठेवल्या आहेत, आणि एका बाजूची डिस्क दुसऱ्या बाजूच्या प्लेअरला दाखवायची नाही असं आधीच सांगून ठेवलं आहे.

या रेघा अशा आहेत. 1 नंबर म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. 2 नंबरात युरोप, जपान, दक्षिण आफ्रिका आणि दुबई-सौदीकडचे आखाती देश. सिंगापूर, थायलंड, कोरिया ही मंडळी 3 मध्ये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझील-मेक्सिकोकडचे देश 4 मध्ये. आपला भारत 5 मध्ये. आपल्याबरोबर पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, रशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश. चीन एकटा 6 मध्ये. 7 नंबर राखून ठेवला आहे, आणि 8 नंबर विमानात-जहाजात दाखवायच्या डिस्कसाठी. हे सगळं पाठ करू नका. आपला 5, अमेरिकेचा 1, आणि आखाताचा व इंग्लंडचा 2 एवढं ध्यानात असलं तरी आपलं काम भागतं.

हे काम कसं करतं तेही सांगतो. गटाच्या हजेरीपुस्तकात प्रत्येकीच्या नावापुढे रकाना असतो ना, तसे डिस्कवर आठ रकाने असतात, दिसत नाहीत, पण प्लेअरला वाचता येतात. ज्या विभागात चालायची परवानगी आहे तो रकाना उघडा, बाकीचे बंद. प्लेअरला कारखान्यातच त्याचा एक आकडा दिलेला असतो. डिस्क आत गेली की प्लेअर आधी आपला रकाना शोधतो. उघडा असेल तर पिक्चर सुरू. बंद असेल तर पडद्यावर ‘राँग रिजन’, ‘रिजन एरर’ अशी काहीतरी पाटी. एका डिस्कवर दोन-तीन रकानेही उघडे असू शकतात, आणि सगळेच्या सगळे उघडे असले तर ती डिस्क जगात कुठेही चालते. अशा डिस्कला ‘ऑल’ किंवा ‘0’ कोडची म्हणतात.

पूर्वी रेशनकार्ड ज्या दुकानाला जोडलेलं त्याच दुकानात धान्य मिळायचं. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेल्या आपल्या बायांचं कार्ड तिकडे नुसतं कागद होतं. आता एक देश एक रेशनकार्ड आल्यापासून ते दुसऱ्या राज्यातही चालतं. 5 कोडची डिस्क म्हणजे जुनं रेशनकार्ड आणि ऑल कोडची डिस्क म्हणजे नवं, असं समजा.

पण या रेघा मारल्या कुणी आणि कशाला? डीव्हीडी 1996 साली आधी जपानमध्ये विक्रीला आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. तेव्हा हॉलिवूडचा पिक्चर सगळ्या जगात एका दिवशी लागत नसे. आधी अमेरिकेत थिएटरात लागायचा, मग काही महिन्यांनी युरोपात, मग आपल्याकडे. अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघायची तेव्हा इतर देशांत तो अजून थिएटरात लागायचा असे. ती डीव्हीडी तिकडे पोचली तर थिएटरात कोण जाईल? ही पिक्चर कंपन्यांची काळजी. दुसरं कारण पैशाचं. अमेरिकेत एका भावाने विकायची, गरीब देशात दुसऱ्या भावाने. स्वस्त देशातून घेऊन महाग देशात कुणी विकू नये म्हणून कुलूप. म्हणजे हे कुलूप गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नाही, विकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. आम्हाला तर यात अन्यायच दिसतो. भांडं विकत घेतलं तर ते कुठल्या चुलीवर ठेवायचं हे दुकानदार ठरवत नाही.

आपल्या हिंदी-मराठी पिक्चरवाल्यांनी मात्र वेगळा विचार केला. त्यांची गिऱ्हाइकं जगभर पसरलेली. लंडनच्या, न्यू जर्सीच्या, दुबईच्या घरांत हिंदी-मराठी डीव्हीडी जायला हवी होती. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक हिंदी-मराठी डीव्हीडी ऑल कोडच्या निघाल्या. 2007 च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी द्यायला सुरुवात केली आणि दुकानाच्या काउंटरवर डिस्कचा ढीग लागला, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा कुणी कोड बघत नव्हतं, बघायची गरजही नव्हती. कोड आडवा येतो तो मुख्यतः इंग्रजी पिक्चर, कार्टून, परदेशी कंपनीच्या डिस्क यांच्या बाबतीत. आणि आपल्या घरी कोड आडवा येतो तो प्लेअर किंवा डिस्क परदेशातून आल्यावर.

आमच्या ओळखीच्या एका घरात असंच झालं. मुलगी आखाती देशात नर्स. सुट्टीवर येताना तिने आईसाठी डीव्हीडी प्लेअर आणला. आईच्या हिंदी पिक्चरच्या डिस्क छान चालायच्या. नातवाची इंग्रजी कार्टूनची डिस्क, इथेच विकत घेतलेली, काही केल्या चालेना. सगळे म्हणाले डिस्क नकली. डिस्क अस्सल होती. तिच्यामागे 5 छापलेला आणि प्लेअरच्या मागच्या पट्टीवर 2. हिंदी पिक्चर ऑल कोडचे, म्हणून त्यांना अडचण आली नाही.

आपण खेड्यातल्या म्हणून आपल्याला कळत नाही असं वाटून घेऊ नका. 2009 साली अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी इंग्लंडचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना 25 गाजलेल्या अमेरिकी पिक्चरच्या डीव्हीडींचा संच भेट दिला. ब्राऊनसाहेब घरी लावायला गेले तर ‘राँग रिजन’ अशी पाटी आली, अशी बातमी तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. अमेरिकेचा 1, इंग्लंडचा 2.

तर आकडा बघायचा कुठे? डिस्कच्या डबीच्या मागच्या बाजूला खाली पृथ्वीच्या गोळ्याचं छोटं चित्र असतं आणि त्यात आकडा, किंवा ‘ऑल’ असं इंग्रजीत. प्लेअरच्या पाठीमागे किंवा पोटाखाली असाच गोळा असतो. दोन्हीकडे तोच आकडा असेल, किंवा कुठल्याही एकीकडे ऑल असेल, तर कोडाचा प्रश्न नाही. आपल्याकडे मिळणारे कितीतरी स्वस्त प्लेअर सगळे कोड चालवणारेच होते. काही प्लेअरचा आकडा रिमोटवरून बदलता येतो, पण त्यासाठी दाबायची बटणं प्रत्येक कंपनीची, प्रत्येक मॉडेलची वेगळी. कुणीतरी सांगितलं म्हणून वाटेल ते दाबत बसू नका. जुना प्लेअर विकत घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी आपली डिस्क नेऊन दुकानातच लावून बघा. आणि अमेरिकेतून आणलेला प्लेअर असेल तर कोडाच्याही आधी विजेचं बघा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. प्लेअरच्या पट्टीवर ‘100-240’ लिहिलं असेल तरच तो आपल्या बोर्डात लावा, नुसतं 120 असेल तर लावू नका, जळेल.

आता लग्नाच्या डीव्हीडीकडे येऊ, कारण आमच्या बैठकांत सगळ्यात जास्त रडगाणं तिचंच असतं.

आमच्या एका गटातल्या ताईंकडे त्यांच्या दिराच्या लग्नाची डीव्हीडी आहे. हळदीच्या रात्री त्यांच्या सासूबाईंनी मावचीत गाणी म्हटलेली. सासूबाई आता नाहीत. ती गाणी दुसऱ्या कुणाला तशी पूर्ण येत नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. डिस्क लागेना म्हणून ताई एका दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, याचा रिजन कोड वेगळा आहे, तोडायला पैसे लागतील. रक्कम ऐकून ताई परत आल्या, आणि बैठकीत बोलल्या. आम्ही ती डिस्क साध्या पाण्याने धुतली, मऊ सुती फडक्याने पुसली आणि शाळेतल्या संगणकावर लावली. पाच मिनिटांत सासूबाई हळदीच्या पाटाशी बसून गात होत्या. बिघाड घरच्या प्लेअरमध्ये होता, वाचणारा किरण कमजोर झालेला.

मैत्रिणींनो, हे पक्कं धरून ठेवा. लग्नाच्या, बारशाच्या, गावच्या कार्यक्रमाच्या घरगुती डिस्कला विभागाचं कुलूप नसतं. स्टुडिओवाला कोऱ्या डिस्कवर चित्रीकरण भरतो, त्याला कुठला विभाग बंद करायचं काही कारणच नसतं. कुलूप फक्त पिक्चर कंपन्यांच्या छापील डिस्कला. लग्नाच्या डिस्कसाठी कुणी कोड तोडायचे पैसे मागितले, तर पडद्यावर कोडाची पाटी दाखवा म्हणा. पाटी आली नाही तर कोडाचं काम नाही.

पाटीवरूनच पुष्कळ कळतं. ‘नो डिस्क’ आलं तर प्लेअरला डिस्क वाचताच आली नाही, मग धूळ, ओरखडे, कमजोर किरण किंवा व्हीसीडी प्लेअरमध्ये डीव्हीडी. चालता चालता एका जागी अडकते तिथे ओरखडा. पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, पाट्यावर वाटल्यासारखं गोल गोल नाही. काही जुने कॅमेरे थेट छोट्या डीव्हीडीवर चित्रीकरण करायचे. शेवटी ती डिस्क त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ म्हणजे बंद करावी लागते, नाहीतर ती दुसऱ्या कुठल्याच प्लेअरला वाचता येत नाही. आपण टाका घालून शेवटची गाठ मारतो तसं ते आहे.

आणि आवाज नीट, पण चित्र काळं-पांढरं किंवा वरखाली पळतंय, असं झालं तर? तोही कोड नव्हे. ती टीव्हीची पद्धत. भारतात टीव्हीचं चित्र पाल पद्धतीचं, 625 रेघांचं, सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, 525 रेघा, सेकंदाला जवळपास 30 चित्रं. अमेरिकेच्या नातेवाइकांनी मुलाच्या वाढदिवसाची डिस्क पाठवली तर तिला कोड नसतो, पण पद्धत त्यांची असते. जुन्या जाड टीव्हीवर ती बिनसते. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ असं लिहिलेलं सापडेल, तिथे ‘पाल’ किंवा ‘ऑटो’ करून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच प्लेअरना दोन्ही पद्धती जमतात.

संगणकाबद्दल एक सावधगिरी आहे, ती घरातल्या मुलांना जरूर सांगा. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हलाही विभागाचा आकडा असतो. वेगळ्या कोडची डिस्क घातली की तो विचारतो, विभाग बदलू का? मुलं ‘हो’ म्हणतात. पण हा आकडा फक्त 5 वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. संगणक पुसून नव्याने भरला तरी तो सुटत नाही, कारण हिशेब ड्राइव्हच्या आतच लिहिलेला असतो. बदल किती शिल्लक आहेत ते तिथेच आकड्यात दिसतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम बऱ्याच संगणकांवर आकडा न बदलता डिस्क दाखवतो, काही ड्राइव्ह मात्र त्यालाही अडवतात. घरगुती लग्नाची डिस्क घातल्यावर हा प्रश्न येतच नाही.

ब्लू-रे नावाची आणखी एक डिस्क असते, निळ्या डबीतली. आपल्या भागात ती फारशी आली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तिचे विभाग तीनच, ए, बी आणि सी. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, आपण सी मध्ये. ती साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये कोड काहीही असला तरी लागत नाही. तिच्यानंतर आलेल्या फोर-के डिस्कला विभागच ठेवले नाहीत. पिक्चर आता सगळीकडे जवळपास एकाच दिवशी लागतात, तिथे रेघ मारून काय मिळणार?

एक कायद्याचं. सगळे कोड चालवणारा प्लेअर घेऊन आपण विकत घेतलेली डिस्क घरी बघणं वेगळं, आणि पिक्चरच्या नकला काढून बाजारात विकणं वेगळं. दुसरं काम 1957 च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. गटाचा व्यवसाय म्हणून असं काही कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आपल्या घरच्या लग्नाची नक्कल आपल्यासाठी काढायला कुणाची हरकत नाही.

आणि ती नक्कल लवकर काढा. घरगुती भरलेल्या डिस्कवर रंगाचा एक थर असतो, चित्र त्या थरात असतं. ऊन आणि उष्णता लागली की तो थर उतरतो. पत्र्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली डिस्क उन्हाळ्यात काय सोसते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. एका डीव्हीडीत 4.7 जीबीपर्यंत माल असतो, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर भरलेल्या सहा डिस्क बसतात. चार-पाच घरांनी मिळून एक पेनड्राइव्ह घेतला तरी चालेल. डिस्क उघडल्यावर दोन फोल्डर दिसू शकतात, ‘ऑडिओ टीएस’ आणि ‘व्हिडिओ टीएस’. ऑडिओ लिहिलेला फोल्डर बहुधा रिकामाच असतो. गाणी त्यात असतील असं वाटून तेवढाच उतरवून घेतला तर हाती काही लागत नाही. ‘व्हिडिओ टीएस’ पूर्ण घ्यायचा. मोबाइलवर बघायचं असेल तर त्याचं एमपीफोर करून मागा. उतरवून झाल्यावर तिथेच बसून सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही चालवून बघा, मगच पैसे द्या. आणि नक्कल झाली तरी मूळ डिस्क फेकू नका, उभी ठेवा, कपड्यात गुंडाळून, भिंतीच्या सावलीच्या बाजूला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना डिस्क पाठवायची असेल तर स्टुडिओवाल्याला आधी सांगा की एक प्रत एनटीएससी पद्धतीची काढ. तिकडचे पुष्कळ प्लेअर आपली पाल पद्धत चालवत नाहीत, संगणकावर मात्र ती दिसते. आणि डिस्कवर नाव घालताना बॉलपेनने दाबून लिहू नका. मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा: कुणाचं लग्न, कुठलं गाव, कुठलं साल, आणि गाणारी कोण.